बॅटरी मॉड्यूलचं पेटंट: परीक्षेची तयारी अर्जाच्या दिवशीच

इंदूर भागात सांवेर रोड, पालदा किंवा पीथमपूरच्या शेडमध्ये लिथियम पॅक जुळवणाऱ्याला आपण काय नवं केलं ते तोंडी नेमकं सांगता येतं. होल्डरची जाळी बदलली, निकेल पट्टीच्या जागी तांब्याची बसबार (सेल जोडणारी जाड पट्टी) आणली, सेलच्या दोन ओळींमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी घातली. तेच अर्जात उतरताना मात्र भागांची यादी होते: सेल, होल्डर, बसबार, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट), थर्मल पॅड, खोकं. यादीला पेटंट मिळत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(एफ) प्रमाणे माहीत असलेली साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो कायद्याच्या लेखी शोधच नव्हे. बॅटरी मॉड्यूलच्या अर्जावर ही हरकत हमखास येते असं धरूनच लिहायला बसावं.

तिच्यावरचं उत्तर एकच. एक भाग दुसऱ्याच्या कामात काय बदल घडवतो, ते दाखवायचं. आणि हे उत्तर अर्ज दाखल करतानाच कागदावर असावं लागतं. कलम ५९ नुसार नंतरची दुरुस्ती फक्त वगळणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं एवढ्यापुरतीच चालते. मूळ कागदात नव्हतं ते आत आणता येत नाही आणि दावा (हक्क नेमका कशावर मागतो ते सांगणारं वाक्य) मूळ दाव्यांच्या कक्षेबाहेर नेता येत नाही. पेटंट कार्यालय अर्जाची जी छाननी करतं तिला परीक्षा म्हणतात; तिच्यातले बरेचसे पराभव अर्जाच्या दिवशीच ठरून गेलेले असतात.

आधी ठरवा: आकार राखायचा की काम?

मॉड्यूलचं बाहेरचं रूप, खोक्याची ठेवण, झाकणावरची नक्षी राखायची असेल तर तो डिझाइन कायदा २००० चा विषय आहे. त्याची तपासणी कोलकात्याच्या डिझाइन विभागात होते, संरक्षण १० वर्षांचं मिळतं आणि पुढे ५ वर्षांनी वाढवता येतं. उष्णता कशी बाहेर जाते, सेल फुटल्यावर वायू कुठून निघतो, पट्टी धक्क्यांनी का तुटत नाही, हे राखायचं तर पेटंट हवं. ‘मॉड्यूलचं डिझाइन’ असं बोलण्यात येतं म्हणून डिझाइनची नोंदणी करून बसलेल्यांना उष्णतेच्या युक्तीवर काहीच हक्क मिळत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन अर्ज करावेत.

इंदूरचा अर्जदार मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्ही तिथेच. अर्ज ऑनलाइन होतो, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं वर्णन आणि दावे असलेला मुख्य कागद, हिंदीत किंवा इंग्रजीत चालतं, मराठीत नाही. हिंदीत लिहायला मनाई नसली, तरी परीक्षक समोर ठेवणारे जुने दस्तऐवज बहुधा इंग्रजीत असतात आणि एकेका शब्दावर वाद होतो, म्हणून दावे इंग्रजीत लिहिलेले सोयीचे. कच्चा मसुदा मात्र कारागिराबरोबर बसून मराठीतच करावा. तांत्रिक बारकावे तिथे निसटत नाहीत.

उदाहरण घेऊन पुढे जाऊ

समजा मालवाहू ई-थ्रीव्हीलरचा पॅक आहे. ३२७०० मापाचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल, म्हणजे ३२ मिमी व्यास आणि ७० मिमी उंची, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तास. १७ समांतर, १६ मालिकेत: एकूण २७२ सेल, ५१.२ व्होल्ट, १०२ अँपिअर-तास, सुमारे ५.२ किलोवॉट-तास.

शोध असा की ओळींमध्ये लाटेसारखी वळवलेली पातळ ॲल्युमिनियम पट्टी आहे. ती इन्सुलेशनच्या थरातून सेलला टेकते आणि उष्णता खाली तळपत्र्याला देते. तिचीच वरची कड सेलच्या डोक्याच्या वर नेऊन झाकणापर्यंत दुमडली आहे, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या व्हेंटवर (सेल फुटताना वायू निघतो त्या तोंडावर) वायूचा वेगळा बोगदा तयार होतो. दुमडीच्या खाली पट्टीत आडव्या खाचांची एक रांग आहे.

प्रश्न असा: उष्णतेची अडचण खरी आहे, हे कागदावर दिसतं का? सेलचा अंतर्गत रोध ८ मिलिओहम धरू. तासाभराच्या चार्जिंगला सेलमागे ६ अँपिअर, म्हणजे ०.२९ वॉट उष्णता. अर्ध्या तासाच्या चार्जिंगला १२ अँपिअर, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते म्हणून चौपट, १.१५ वॉट. २७२ सेलचे मिळून ३१३ वॉट, तेही पाणी शिरू नये म्हणून बंद केलेल्या खोक्यात आणि मे महिन्यातल्या ४२ अंशांत. हे गणित स्पेसिफिकेशनमध्ये असलं की पट्टीची गरज आपोआप उभी राहते. गाडी रमतगमत २५-३० अँपिअर ओढते तेवढीच अवस्था लिहिली, तर सेलला दोन अँपिअरही येत नाहीत, उष्णता नगण्य ठरते आणि परीक्षक विचारतो की तांत्रिक प्रगती कुठे आहे. त्याचं म्हणणं बरोबरच असतं. शोध ज्या अवस्थेत कामाला येतो ती अवस्था आकड्यांसह लिहा.

जुनं शोधताना

परीक्षक कलम १३ खाली शोध घेतो. त्याच्याआधी तुम्ही घ्या. भारतीय अर्जांसाठी इनपास, जगभरच्या अर्जांसाठी एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स, सगळं फुकट आहे. नुसत्या शब्दांनी शोधलं तर हजारो निकाल येतात. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणाचे क्रमांक वापरा. मॉड्यूल आणि पॅकची रचना एच०१एम (H01M) ५०/२०४ मध्ये, दंडगोल सेलची मांडणी ५०/२१३ मध्ये, वायू बाहेर काढणं ५०/३० मध्ये, सेल जोडणाऱ्या बसबार ५०/५०२ मध्ये. तापमान नियंत्रण वेगळ्या घरात आहे, एच०१एम १०/६० च्या खाली: दंडगोल सेलसाठी १०/६४३, घन पत्र्यांनी उष्णता काढणं १०/६५५, उष्णतारोधक आडोसे १०/६५८.

इथे एक खड्डा आहे. एच०१एम ५० हा गट २०२१ पासून आला. त्याआधी मॉड्यूलची खोकी एच०१एम २/१० खाली आणि जोडण्या २/२० खाली असायच्या. जुन्या छापील प्रतीवर तोच जुना क्रमांक दिसतो. दोन्ही क्रमांकांनी शोधा.

सेलच्या ओळींमधून वळणं घेत जाणारी धातूची नळी किंवा पट्टी गेली दीड दशकं तरी मोटारींच्या पॅकमध्ये आहे. म्हणून ‘लाटेसारखी पट्टी’ हेच नावीन्य म्हणून पुढे करू नका. जे जुनं आहे ते स्वतःच कबूल करून स्पेसिफिकेशनच्या पार्श्वभूमीत लिहावं आणि आपली भर वेगळी काढावी. परीक्षकाने ते शोधून काढून दाखवलं की तुमच्या बाकीच्या विधानांचंही वजन कमी होतं.

आपण स्वतःच केलेलं प्रकाशन हा याहून वाईट शत्रू. अर्जाच्या आधी ग्राहकाला विकलेला पॅक, प्रदर्शनात झाकण उघडून ठेवलेला नमुना, मोबाइलवर टाकलेली जोडणीची रील, हे सगळं तुमच्याविरुद्ध जुना दस्तऐवज ठरू शकतं. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आहे, कुठल्याही मेळाव्याला नाही. रस्त्यावर चाचणी घेणं अपरिहार्य असेल तर कलम ३२ वाजवी चाचणीला वर्षभराची मोकळीक देतं, पण त्याच्या आधाराने राहण्यापेक्षा आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकावा आणि मग गाडी बाहेर काढावी. पूर्ण स्पेसिफिकेशनला त्यानंतर १२ महिने मिळतात. चाचणी केंद्राशी गोपनीयतेचा करार करा. पॅक उघडून पाहणाऱ्या प्रत्येकाशी करा.

स्पेसिफिकेशन: आकडे, आणि आकड्यांची कारणं

आपल्या उदाहरणात जीव खाचांमध्ये आहे. धातूचा आडोसा सेलच्या डोक्यावर नेला तर पेटलेल्या वायूची उष्णता त्याच धातूतून शेजारच्या सेलमध्ये उतरेल, म्हणून जाणकार माणूस तिथे धातू टाळतो. खाचांमुळे पट्टीची तिथली मान बारीक होते. रोजच्या वापरातली उष्णता सेलच्या अंगाकडून खाली जाते, तिला ही मान ओलांडावीच लागत नाही. वायूची उष्णता वरून येते, तिला ओलांडावी लागते आणि तिथेच ती अडखळते. एकाच पट्टीत उष्णतेला खाली वाट मोकळी आणि वरून वाट अरुंद. भाग एकमेकांच्या कामात बदल घडवतात म्हणतात ते हे.

आता हे सिद्ध करणारी तुलना हवी. किमान तीन नमुने: पट्टी नसलेला, खाचा नसलेली पट्टी असलेला, आणि खाचांची पट्टी असलेला. सेल एकाच खेपेचे, चार्जिंग त्याच दराने, भोवतालचं तापमान तेच. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) मधल्या सेलवर, कोपऱ्यातल्या सेलवर, तळपत्र्यावर आणि पेटवलेल्या सेलच्या लगतच्या दोन सेलवर लावावेत. सेल पेटवण्याची चाचणी शेडमध्ये अजिबात करू नका. एलएफपीचा वायूही ज्वालाग्राही आणि विषारी असतो. सोय असलेल्या प्रयोगशाळेतच करा. खाचा नसलेल्या पट्टीचा नमुना बहुतेक जण वगळतात. नेमका तोच हवा, कारण परीक्षक जुनी पट्टी समोर ठेवणार आणि तुमचा फरक तिच्याशीच मोजला जाणार.

मापं पल्ल्यात लिहा आणि पल्ल्याचं कारणही लिहा. समजा खाचांच्या रांगेत ३० ते ४५ टक्के धातू उरतो. ३० च्या खाली गेलं तर धक्क्यांनी दुमड वाकते, ४५ च्या वर उष्णता अडत नाही. पल्ल्याच्या आत ३४ आणि ४० असे टप्पेही नोंदवून ठेवा. उद्या जुन्या दस्तऐवजात ४४ टक्के निघाला तर तुम्हाला ३४ ते ४० वर सरकता येईल. टप्पा लिहिलेलाच नसेल तर सरकायला जागा नाही. पट्टीची जाडी, इन्सुलेशनचा थर, सेलला टेकणाऱ्या कमानीचा कोन, यांचंही तसंच. पॅडचं व्यापारी नाव लिहून थांबू नका. पदार्थ, जाडी आणि उष्णतावाहकता द्या. कलम १०(४) सर्वांत चांगली माहीत असलेली पद्धत उघड करायला सांगतं. हातची युक्ती लपवली तर पेटंट पुढे याच मुद्द्यावर रद्द होऊ शकतं.

आकृत्या ए४ कागदावर, वर आणि डावीकडे ४ सेंमी, खाली आणि उजवीकडे ३ सेंमी समास सोडून. आकृतीत वर्णनाचे शब्द नकोत, फक्त क्रमांक. कॅडचं रंगीत छायाचित्र लावू नये. खाच काळ्या डागात बुडून जाते. एक छेदचित्र उष्णतेच्या वाटेचं, एक वायूच्या बोगद्याचं, एक पट्टी एकटी उलगडून. सारांश १५० शब्दांच्या आत.

पहिला दावा लिहिताना जुनं आधी आणि ‘वैशिष्ट्य असं की’ नंतर आपलं. त्यात खाचा कुठे आहेत, किती धातू उरतो आणि दुमड कशाला टेकते हे रचनेच्या भाषेत यायला हवं. ‘उष्णता चांगली जाते’ हा परिणाम झाला, दावा नव्हे. ‘सुमारे’, ‘पुरेसा’, ‘योग्य’ या शब्दांवर अस्पष्टतेची हरकत येतेच. भागापुढे आकृतीतला क्रमांक कंसात द्या. १० दावे आणि ३० पानांपर्यंत जादा फी नाही. त्यापुढे छोट्या अर्जदाराला दाव्यामागे ३२० आणि पानामागे १६० रुपये. पट्टी, चार्जर आणि बीएमएसची युक्ती एकाच अर्जात कोंबली तर एका शोधाला एक अर्ज या नियमावर अडतं आणि कलम १६ खाली अर्ज वेगळे काढावे लागतात. बीएमएसचं नुसतं गणित कलम ३(के) मध्ये, म्हणजे पेटंट न मिळणाऱ्या गोष्टींत जातं. सेन्सर कुठे बसलाय, कॉन्टॅक्टर (प्रवाह तोडणारा स्विच) कधी उघडतो आणि पॅकमध्ये काय बदलतं, याला बांधूनच ते लिहावं.

परीक्षेची मागणी आणि फी

अर्ज टाकला म्हणून परीक्षा सुरू होत नाही. फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत प्राधान्य तारखेपासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने आहे. आधी ४८ होती आणि जुन्या सवयीने थांबणारे इथे फसतात. मुदत गेली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.

व्यक्ती, स्टार्टअप, लघु उद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये, फॉर्म १८ ची ४०००. मोठ्या कंपनीला ८००० आणि २०,०००. लघु उद्योगाने उद्यम नोंदणीसह फॉर्म २८ जोडावा. शोध कामगाराने लावला आणि अर्ज कंपनीच्या नावावर असेल तर हक्क कंपनीकडे कसा आला त्याचा सहीचा कागद हवा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची सही मिळवताना फार हाल होतात, म्हणून तो आधीच करून ठेवा.

स्टार्टअप, लघु उद्योग किंवा व्यक्तिगत अर्जदारांत किमान एक स्त्री असेल तर फॉर्म १८ए ने जलद परीक्षा मागता येते, फी ८०००. अर्ज प्रसिद्ध झालेला नसेल तर सोबत फॉर्म ९ आणि २५०० रुपये. घाई खरंच हवी का याचा विचार करा. प्रसिद्धी एरवी १८ महिन्यांनी होते. लवकर झाली की स्पर्धकाला रचना लवकर दिसते आणि पेटंट मिळेपर्यंत कोणीही कलम २५(१) खाली विरोध करू शकतो. गुंतवणूकदार दारात उभा असेल किंवा नक्कल बाजारात आली असेल तरच जलद वाट घ्यावी. परदेशातही अर्ज करायचा असेल तर आधी भारतात टाकून सहा आठवडे थांबा किंवा परवानगी घ्या. कलम ३९ मोडलं तर इथला अर्जही जातो.

अहवाल हातात आल्यावर

पहिला परीक्षण अहवाल, सगळे एफईआर म्हणतात तो, ई-मेलवर येतो. उत्तराला तो काढल्याच्या तारखेपासून सहा महिने. तुम्ही उघडला त्या तारखेपासून नव्हे. फॉर्म ४ भरून तीन महिने वाढतात. चुकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. परदेशी अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ मात्र अहवालापासून तीनच महिन्यांत द्यायचा असतो.

आधी उद्धृत दस्तऐवज पूर्ण वाचा, सारांश नव्हे. आपल्या उदाहरणात बहुधा असं येईल: डी१ या पहिल्या दस्तऐवजात लाटेची पट्टी आणि थंड तळ आहे, डी२ या दुसऱ्यात झाकणाला जोडलेले प्लास्टिकचे आडोसे वायू वेगळा करतात, दोन्ही जोडणं जाणकाराला उघड आहे, शिवाय ३(एफ). एक तक्ता करा: डावीकडे पहिल्या दाव्यातलं एकेक अंग, शेजारी डी१ आणि डी२ मधला परिच्छेद क्रमांक. जिथे दोन्ही रकाने रिकामे, तिथे खाचांची मान दिसेल.

मग युक्तिवाद. ‘आमचा शोध नवीन व उपयुक्त आहे’ यावर पान घालवू नका. विचारा की डी१ ची पट्टी सेलच्या डोक्याखाली का संपते आणि डी२ ने आडोसा प्लास्टिकचा का घेतला. दोघेही वरची उष्णता धातूपासून दूर ठेवतात, म्हणजे त्यांची जोड माणसाला खाचांच्या पट्टीकडे नव्हे, उलट दिशेला नेते. त्याला चाचणीतला दुसरा आणि तिसरा नमुना जोडा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात सांगितलं की नुसत्या कारागिरीच्या सुधारणेला पेटंट नाही. परीक्षक हा निर्णय तुमच्यावर रोखू शकतो, आणि आकड्यांची तुलना हीच त्याच्यापुढची ढाल. वाहनाच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ प्रमाणपत्र इथे कामाचं नाही. ते पॅक सुरक्षित असल्याचं सांगतं, शोध उघड नसल्याचं नाही.

दावा आकसावा लागला तर आकसा. खाचांचा टक्का पहिल्या दाव्यात घ्या आणि तो मूळ स्पेसिफिकेशनच्या कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत होता ते दाखवा. बदलाच्या खुणा केलेली आणि स्वच्छ, दोन्ही प्रती द्या. एकही हरकत अनुत्तरित ठेवू नका, अगदी सहीची किंवा पत्त्याची असली तरी.

एवढ्याने समाधान झालं नाही तर कलम १४ खाली सुनावणी लागते, व्हिडिओवर. तारीख बदलून हवी तर किमान तीन दिवस आधी मागावी; अशी सवलत दोनदाच, प्रत्येक वेळी ३० दिवसांपर्यंत. सुनावणीला पॅक बनवणारा माणूस सोबत बसवा आणि खाचांची पट्टी हातात धरून दाखवा. ती मान डोळ्यांनी पाहिली की मुद्दा चटकन पोचतो. मात्र बोललेलं नोंदीत जात नाही. सुनावणीपासून १५ दिवसांत लेखी निवेदन टाकायचं, आणि सांगितलेला प्रत्येक मुद्दा त्यात यायला हवा.

नकार आलाच तर आदेशात तीन गोष्टी आहेत का पाहा: जुन्या दस्तऐवजात काय होतं, तुमच्या शोधात काय आहे, आणि एकापासून दुसरं जाणकाराला उघड कसं ठरतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या ॲग्रीबोर्ड प्रकरणात तिन्हींची चर्चा बंधनकारक मानली. अपील कलम ११७ए खाली तीन महिन्यांत. अर्ज मुंबई कार्यालयाचा, म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात जातं, इंदूर खंडपीठात नाही.